थर्माकोलचा कचराडबा

सातवी ब चा वर्ग होता. घटक, कचऱ्याचं वर्गीकरण. छात्राध्यापिकेने, म्हणजे बी.एड. करणाऱ्या मुलीने, टेबलावर वीतभर उंचीचे तीन थर्माकोलचे डबे मांडले होते. हिरवा ओल्याला, निळा सुक्याला, लाल घातक कचऱ्याला. कडांना चमकी, झाकणं सेलोटेपने अशी चिकटवलेली की खरोखर उघडमीट होत होती. मुलं खूश. केळीची साल कुठे, औषधाची बाटली कुठे, हात धडाधड वर. पाठ 35 मिनिटांत नेमका संपला, फळ्यावरचा सारांश सुवाच्य, उद्दिष्टं टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) लिहिल्याबरहुकूम. मी शेवटच्या बाकावर बसून 20 पैकी 17 गुण दिले आणि शेरा लिहिला, ‘शैक्षणिक साहित्य आकर्षक व आशयानुरूप.’

हा शेरा मी किती वह्यांत लिहिला असेल याची मोजदाद नाही. पुण्यातल्या बी.एड. महाविद्यालयांत नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणजे मागच्या बाकावरून पाठ बघण्यात गेली.

तीन आठवड्यांनी आंतरवासितेचा, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या अध्यापन-सरावाचा, त्या शाळेतला टप्पा संपला. ‘तुमच्या मुलींचं सामान तेवढं हलवा, आम्हाला खोली हवीय,’ असा शाळेचा निरोप आला. सामान म्हणजे तक्ते, मुखवटे, फ्लॅशकार्ड, ज्वालामुखीची प्रतिकृती, पचनसंस्था, सौरमाला आणि ते तीन डबे. दोन मोठी पोती भरली. मी आणि चार मुलींनी ती रिक्षात घालून जवळच्या भंगाराच्या दुकानात नेली. रद्दीचे पैसे आले तर भेळ खाऊ, असा बेत होता.

दुकानदाराने पोतं जमिनीवर ओतलं. पुठ्ठा एका बाजूला, साधे कागद दुसऱ्या बाजूला. लॅमिनेशन केलेला तक्ता त्याने नखाने खरवडून पाहिला आणि परत पोत्यात टाकला. दुसरा टाकला, तिसरा टाकला. थर्माकोलला हातसुद्धा लावला नाही. ‘ह्याला गिऱ्हाईक नाही. वजन नाही काही नाही, नुसती जागा खातं.’

‘मग ह्याचं काय करायचं?’ डब्यांवालीनेच विचारलं.

‘तुम्ही आणलंय, तुम्ही न्या.’

दीड पोतं परत आलं. महाविद्यालयाच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपाशी ते ठेवलं. पुढे ते कुठे गेलं मला माहीत नाही. एक दिवस नव्हतं, एवढं खरं.

आता प्रश्न असा, की या मुलीला काय ठाऊक नव्हतं? थर्माकोल कुजत नाही हे तिने पाठातच सांगितलं होतं. सजावटीसाठी थर्माकोल वापरायला राज्यात 2018 पासून बंदी आहे, हेही कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मलाही ते ठाऊक होतं. शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींमध्ये पर्यावरणाचं ज्ञान आणि वर्तन यांत अंतर दिसतं, यावर आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं लिहिलं जातंय. आणि प्रत्येक वेळी निष्कर्षाच्या प्रकरणात तेच येतं: जाणीवजागृती वाढवावी, व्याख्यानं ठेवावीत, अभ्यासक्रमात घटक वाढवावेत. मी स्वतः मार्गदर्शन केलेल्या एम.एड.च्या प्रबंधांत हे वाक्य आहे, तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. पण त्या डब्यांकडे बघून मला पटत गेलं की आपण चुकीच्या ठिकाणी खणतोय. त्या मुलीने अज्ञानापोटी काहीच केलं नव्हतं. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘आकर्षकता’ आणि ‘नावीन्य’ या दोन रकान्यांना गुण होते. पाठ संपल्यावर साहित्याचं काय होतं, याला नव्हते. तिने आमचा तक्ता नीट वाचला होता. छात्राध्यापकांचं वर्तन आमचं महाविद्यालयच घडवतं, आणि ते पर्यावरणाच्या पेपरातून घडवत नाही.

याचा थोडा मागचा हिशेब मांडायला हवा. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी आदेश दिला. पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करा, असं त्यात होतं. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाआधी पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात, असंही होतं. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा कान पिळावे लागले. मग विषय आला, पुस्तकं आली, पेपर आला, गुण आले. पदवीच्या मुलांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचं जे पाठ्यपुस्तक निघालं ते पुण्यातल्याच डॉ. इराच भरुचांनी लिहिलेलं. चांगलं पुस्तक आहे, त्यात प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायचं काम स्वतंत्र घटक म्हणून दिलेलं आहे. तेवढाच घटक महाविद्यालयांनी वाऱ्यावर सोडला. कारण त्याला बस लागते, परवानगी लागते, आणि तपासायला सोपा नाही.

शाळेत याहून वेगळं काय झालं? नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आला, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’. कल्पना उत्तम: मुलांनी आपल्या भागातलं पाणी तपासावं, नोंदी ठेवाव्यात, प्रकल्पवही करावी. आता परीक्षेच्या हंगामात अप्पा बळवंत चौकात, पुण्याच्या पुस्तकबाजारात, एक फेरी मारा. प्रकल्प तयार मिळतो. प्रस्तावना, उद्दिष्टं, निरीक्षणं, निष्कर्ष, ऋणनिर्देशसुद्धा. कोण्या गावाच्या ओढ्याची निरीक्षणं सिंहगड रस्त्यावरचा मुलगा आपल्या अक्षरात उतरवून काढतो. आणि ती वही तपासणारा शिक्षक कोण? काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बी.एड. करताना कृतिसंशोधन (वर्गातला एखादा प्रश्न स्वतः सोडवून बघायचा प्रकल्प) तसंच उतरवून काढणारा. त्याला बोल लावायची माझी हिंमत नाही. त्याला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यायची होती. तिच्या पहिल्या पेपरात 150 पैकी 30 गुण परिसर अभ्यासाला असतात, सगळे चार पर्यायांतून एक निवडायचे. त्यानंतर शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, त्यानंतर वाट बघणं. शिक्षणसेवक म्हणून लागेपर्यंत त्याने परिसर अभ्यासाचे शेकडो प्रश्न सोडवले असतील, परिसरात मात्र अभ्यासासाठी एकदाही गेला नसेल.

1977 मध्ये तिबिलिसीला पर्यावरण शिक्षणावर पहिली आंतरराष्ट्रीय शासकीय परिषद भरली होती. तिने पाच उद्दिष्टं ठरवली: जाणीव, ज्ञान, अभिवृत्ती, कौशल्यं आणि सहभाग. आमचे विद्यार्थी ती क्रमाने पाठ म्हणतात. आमचं मोजमाप मात्र तिसऱ्यापाशी थांबतं. अभिवृत्ती मोजायची एक पाच बिंदूंची श्रेणी असते, पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत. ‘मी खरेदीला जाताना कापडी पिशवी नेतो.’ वर्गात, प्राध्यापकांसमोर, नाव-हजेरी क्रमांक लिहून कोण ‘पूर्णतः असहमत’वर खूण करेल? मग ज्ञानाच्या गुणांशी त्याचा सहसंबंध काढायचा. सार्थ (योगायोगाचा नाही असा) आला तरी प्रबंध होतो, नाही आला तरी होतो. अशा एका प्रश्नावलीच्या प्रती आम्ही पाठकोऱ्या काढल्या होत्या आणि प्रबंधाला वर प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. ते तेव्हा लक्षात आलं नाही, आता आठवून लाज वाटते.

ज्ञान वाढलं की अभिवृत्ती सुधारते, अभिवृत्ती सुधारली की वर्तन बदलतं, ही सरळ साखळी टिकत नाही, असं हंगरफोर्ड आणि व्होल्क या अमेरिकन अभ्यासकांनी 1990 मध्येच लिहून ठेवलंय. त्यांचं म्हणणं असं, की माणूस कृती करतो ती प्रश्न आपला वाटला तर, आणि आपल्या हातून काहीतरी होतं याचा अनुभव असेल तर. भंगाराच्या दुकानात त्या चार मुलींना पहिली गोष्ट मिळाली. दुसरी आम्ही देऊ शकलो नाही.

इथपर्यंत माझ्याशी बरेच जण सहमत असतील. पुढचं म्हणणं थोडं अडचणीचं आहे.

अंतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: माहीत आहे पण करत नाही. उलटं अंतरही असतं, आणि पुण्याच्या बी.एड.च्या वर्गात ते बरंच दिसतं. वेल्ह्याकडची एक मुलगी होती (तालुक्याचं नाव आता राजगड). रोज पहाटेची एसटी, स्वारगेटहून पीएमपी, परत तसंच. स्टीलचा डबा, जुन्या साडीच्या काठाची पिशवी, वह्यांची कोरी पानं फाडून शिवलेली वही. आमच्या चाचणीत तिला ओझोनचा प्रश्न चुकला, कार्बन पदचिन्हाचा चुकला, ‘शाश्वत विकास’ची व्याख्या अर्धी आली. ज्ञानाच्या श्रेणीत ती खाली. वर्तनाच्या प्रश्नावलीतही फार वर नाही, कारण प्रश्नच असे होते: तुम्ही पंचतारांकित मानांकनाची उपकरणं घेता का? विजेवर चालणारं वाहन घ्याल का? घरी गाडी धुताना पाइप वापरता की बादली? गाडी असती तर तिने उत्तर दिलं असतं.

या मुलीने पाण्यावर पाठ घेतला. चित्रात एक मुलगा नळ चालू ठेवून दात घासतोय, त्यावर लाल फुली. बादलीने अंघोळ करा, शॉवर टाळा. पाठ छान झाला. चर्चेत मी तिला विचारलं, तुमच्याकडे नळ आहे का? नव्हता. पानशेतचं धरण तिच्या तालुक्यातलं. वरच्या वाड्यांवर उन्हाळ्यात आई-काकू झऱ्यावर रांग लावतात, भांड्यांचं पाणी केळीला, अंघोळीचं भाजीला, कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो हे तिला तोंडपाठ. समोर बसलेल्या पुण्यातल्या मुलांच्या नळाला येणारं पाणी तिच्या तालुक्यातून येत होतं. म्हटलं, हे का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘मॅडम, ते पाठात बसत नाही.’

ते खरंच बसत नव्हतं. टाचणाच्या नमुन्यात आशयविश्लेषण पाठ्यपुस्तकावरून करायचं असतं. तिने स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवून आमचं ज्ञान उचललं, कारण गुण आमच्याकडे होते. आम्ही तिला आणखी एक गोष्ट शिकवली, न बोलता: तुझ्या घरी जे चालतं ते गरिबी, आणि तक्त्यावर जे लिहिलंय ते पर्यावरण.

यावर एक आक्षेप माझ्या एका सहकाऱ्याने घेतला आणि तो वाजवी आहे. गरिबीतली काटकसर म्हणजे पर्यावरणप्रेम नव्हे, ते म्हणाले. पगार सुरू झाला की हीच मुलगी स्कूटर घेईल, बाटलीतलं पाणी पिईल, आणि घ्यावंच तिने, पहाटेच्या एसटीत उभं राहून बघा एकदा. मान्य. कोणाची ओढाताण सुंदर म्हणून मिरवणं मलाही आवडत नाही. पण यातून निघतं काय? तिला आज जे जमतंय ते का मोलाचं आहे, त्यामागचं शास्त्र काय, हे कळलं तर उद्या परवडत असतानाही त्यातलं काही ती ठेवेल. ते सांगण्याची जागा म्हणजेच प्रशिक्षण. ज्ञान इथे लागतंच, फक्त ते तिच्या हंड्यापासून सुरू व्हायला हवं. आम्ही ते ओझोनपासून सुरू करतो आणि ओझोनवरच संपवतो.

पुण्यात तर याला सबबच नाही. पेठांमधल्या महाविद्यालयाच्या दारातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत एखादा हौद लागतो, निदान त्याचं नाव तरी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमाराला, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. मधे हवेसाठी उच्छ्वास, गावात हौद. कुठल्या उंचीवरून कुठे, पंपाशिवाय. विज्ञान, इतिहास आणि भूगोल या तिन्ही मेथडच्या (अध्यापन विषयांच्या) मुलांना एका सकाळी पुरेल असा हा पाठ आहे. आणि तो ऐतिहासिक म्हणून सोडून द्यायचा नाही. त्याच कात्रजकडून येणारा आंबिल ओढा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री घरांत घुसला, माणसं गेली. त्याच्या एक वर्ष आधी, 27 सप्टेंबर 2018 ला, दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीत पाणी शिरलं. त्या वस्त्यांमधली मुलं ज्या शाळांत जातात, तिथे आमचे छात्राध्यापक ‘पूर: कारणे व उपाय’ असा तक्ता घेऊन जातात. तक्त्यावर बिहारच्या पुराचा फोटो असतो. एकदा मी एका मुलाला म्हटलं, वर्गाला विचार तरी, पूर कोणी पाहिलाय. त्याने विचारलं. त्यानंतर त्याला पाठ संपवता आला नाही. मुलंच बोलत राहिली. फ्रिज कसा तरंगला, आजीला कोणी उचललं, कोणाच्या वह्या वाळत घातल्या. टाचणातली चार उद्दिष्टं राहून गेली म्हणून दुसऱ्या परीक्षकांनी त्याचे गुण कापले.

पाणी येतं कुठून हे निदान पुस्तकात असतं. जातं कुठे, ते कोणी सांगत नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शहराचं वापरलेलं पाणी प्रक्रिया करून बेबी कालव्याने खालच्या शेतकऱ्यांना जातं आणि त्या पाण्याच्या प्रतीवरून तिकडे तक्रारी असतात. हवेली-दौंडकडून येणारे छात्राध्यापक आमच्या वर्गात असतात. वेल्ह्याची मुलगी आणि दौंडचा मुलगा एका बाकावर बसतात, एकीच्या तालुक्यातून पाणी निघतं आणि दुसऱ्याच्या शेतात ते पोचतं, मधे आख्खं पुणे शहर, आणि आम्ही त्या दोघांना जलचक्राची आकृती काढायला लावतो. समुद्र, ढग, डोंगर, बाण.

कचऱ्याचंही तेच. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, 2008 मध्ये त्यातून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था. कुठलं प्लास्टिक विकलं जातं, कुठलं जात नाही, चांदीसारख्या चकचकीत पाकिटाला कोणी का हात लावत नाही, यातलं या बायकांइतकं कोणाला कळतं? एका छात्राध्यापिकेने त्यांच्याबरोबर एक सकाळ एका सोसायटीत काढली तर ते तीन डबे थर्माकोलचे झालेच नसते. मी हे एका सभेत सुचवलं तेव्हा ‘मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न’ निघाला आणि नंतर ‘पालक काय म्हणतील’ निघाला. तिसरा मुद्दा कोणी उघड बोललं नाही. जिने कचरा उचलायचा तिच्याकडून शिकायचं, हे आमच्या लोकांना जड जातं. जातीचा उल्लेख न करता या शहरात कचऱ्यावर पाठ घेता येतो, हीच मुळात नवलाची गोष्ट आहे.

सध्या हे लिहायचं कारण, शिक्षक प्रशिक्षणाची सगळी घडी पुन्हा मोडून बसवली जातेय. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2030 पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच शिक्षक होण्याची किमान पात्रता ठरवली आहे. अभ्यासक्रम लिहायला लोक बसलेत, आणि अशा बैठकांत पर्यावरणवाल्यांची मागणी ठरलेली असते: आमचा एक सक्तीचा पेपर घाला. मी त्या मागणीच्या विरोधात आहे. आणखी एक पेपर म्हणजे आणखी एक गाइड, आणखी एक तयार प्रकल्प, अप्पा बळवंत चौकात आणखी एक गठ्ठा.

त्यापेक्षा जे आहे ते उलगडून बघा. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान 20 आठवडे आंतरवासिता आहे. त्या 20 आठवड्यांत छात्राध्यापक शाळेत असतो. शाळेची टाकी कधी धुतली, स्वच्छतागृहाला पाणी किती वाजता संपतं, मधल्या सुट्टीनंतर खिचडीचं उरलंसुरलं कुठे जातं, मैदानातल्या झाडाखाली फरशी कोणी घातली, हे एका शाळेपुरतं तरी त्याने शोधून काढावं आणि त्यातली एक गोष्ट, एकच, मुख्याध्यापकांशी बोलून, शिपाईमामांशी बोलून बदलून दाखवावी. जमली नाही तर का जमली नाही ते लिहावं. जमली नाही हे लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण द्यावेत, नाहीतर सगळ्यांचीच जमेल. शिवाय महाविद्यालयाने आधी आपलं आवरावं. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचं यंत्र बिघडलं की महिनाभर दुरुस्त होत नाही, आणि त्याच महिन्यात आम्ही प्लास्टिकबंदीवर पोस्टर स्पर्धा घेतो. मुलं बाटल्या विकत घेऊन पोस्टर रंगवतात. त्यांचं वर्तन मोजायला मग कुठल्या श्रेणीची गरज उरत नाही.

पाठाच्या गुणतक्त्याचं म्हणाल तर मी एक प्रयत्न करून पाहिला. ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्याखाली पेनाने एक ओळ वाढवली: ‘साहित्य जुन्यातून केले आहे काय, आणि पाठानंतर त्याचे काय होणार?’ गुण 1. त्या सत्रात एकीने करवंट्या आणल्या, एकाने वर्गातल्याच मुलांची दप्तरं टेबलावर ओतून सुका-ओला वेगळा करायला लावला, बऱ्याच जणांनी आदल्या वर्षीचे तक्ते मागून घेतले. थर्माकोल एकदा आला, तोही जुनाच होता. सत्र संपल्यावर कार्यालयातून माझे तक्ते परत आले. वर चिठ्ठी होती: ‘मॅडम, बेरीज 21 येते. संगणक घेत नाही.’